रेस देणारा पाय

भुतानं रात्रीच यावं असा काही कायदा नाही. ही गोष्ट सकाळची आहे. धुकं असं पडलं होतं, की गॅरेजच्या दारातून समोरचा रस्ताही दिसत नव्हता. आत थोरली बॉनेट उघडून वाकली होती आणि इंजिनानं तिच्या नाकी नऊ आणले होते.

गाडी जुनी, चिमुकली. तिच्या पोटात थोरलीच्या बापानं मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं होतं आणि त्याला भरपूर हवा मिळावी म्हणून रुंद थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, लावायचं ठरवलं होतं. चढाईच्या शर्यतीत ही गाडी एकदा टेकडीच्या माथ्यावर पोचलेली बघायची, एवढाच त्याचा ध्यास. त्याआधीच आजारानं त्याला नेलं. थ्रॉटल मग थोरलीनं जोडलं, आणि तेव्हापासून गाडी धड चालेना. रेस न देता सोडली की इंजिन आपोआप वर जाई, खाली येई, धापा टाकी. पाय झटकन काढला की बंद.

आणि शर्यत आजच होती. काकांनी बजावलं होतं, "सुटायच्या रेषेवर बंद पडली तर संध्याकाळी इंजिन उतरवून विकणार. गिऱ्हाईक ठरलंय. दादाचं खूळ दादाबरोबर गेलं, पोरी."

खूळ म्हणे! तो शब्द तिला रात्रभर टोचत होता.

बापलेकींची कामाची एक रीत होती. बापाचा घोटा मोडून वाकडा बसलेला, त्यावर सदा कापराचं मलम चोळलेलं; त्याला फार वेळ उभं राहवत नसे. म्हणून तो आत बसून रेस देई आणि थोरली बॉनेटखाली राबे. इंजिनाच्या आवाजात ओरडून घसा कोण फोडणार? पान्यानं मडगार्डवर एक टकटक म्हणजे रेस वाढवा. दोन म्हणजे सोडा. तीन म्हणजे झालं, उतरा. तीन ऐकल्याशिवाय बाबा उतरायचाच नाही. एकदा थोरली विसरून जेवायला निघून गेली, तर हा पठ्ठ्या तासभर तसाच बसून! आई त्यावरून किती दिवस हसत होती.

"धाकट्या, आत बस रे, रेस द्यायचीय," थोरलीनं भावाला हाक मारली. गाडीचं दार लागलं. उघड्या बॉनेटमुळे आतलं काही दिसत नव्हतं. बॉनेटखालीच बापानं बसवलेलं बटण होतं. ते दाबून तिनं इंजिन चालू केलं.

एक टकटक.

रेस हळूहळू, एकसारखी चढली. थोरलीला नवल वाटलं. धाकटा रेस देतो ती साप चिरडल्यासारखी. आज बरं शहाणपण सुचलं! पेट्रोलच्या वासात कापराच्या मलमाचा वास मिसळला होता, पण तिचं तिकडे लक्ष गेलं नाही.

दोन टकटक. पुन्हा तीच धाप. तिनं नेहमीसारखा स्क्रू-ड्रायव्हर थ्रॉटलच्या स्क्रूला लावला. जरा पिळला की बंद पडणं तेवढं टळत असे.

इंजिन डरकाळी फोडून उठलं आणि लगेच खाली आलं.

"अरे गाढवा! मी कुठे वाजवलं?"

तिनं पुन्हा स्क्रूला हात घातला. पुन्हा डरकाळी, कुणी खेकसल्यासारखी. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. 'स्क्रू पिळून दुखणं झाकू नये,' असं खेकसणारा एकच माणूस तिला माहीत होता...

तिनं हात काढला. रेस अगदी थोडी वर चढली आणि तिथेच थांबली. मुंगीच्या पावलाइतकाही फरक नाही. कुणीतरी थांबलं होतं, तिनं ऐकावं म्हणून. आणि त्या आवाजाखाली तिला ऐकू आली एक बारीक शीळ.

तिनं सफाईच्या द्रवाचा फवारा थ्रॉटलच्या सांध्यावर मारला. फवारा आत ओढला गेला आणि इंजिनाचा सूर बदलला. हवा इथूनच चोरून शिरत होती! इंजिन बंद करून तिनं थ्रॉटल सोडवलं आणि कपाळाला हात लावला. सांध्यातलं पॅकिंग बापानं जाड पुठ्ठ्यातून हातानं कापून ठेवलेलं. ते तिनं उलटं बसवलं होतं. हवेची खरी वाट अर्धी बुजली होती, आणि नको तिथे फट राहिली होती.

पॅकिंग सुलटं केलं, स्क्रू जागच्या जागी आणला, बोल्ट आवळले. बटण दाबलं.

इंजिन लागलं आणि शांत, एका लयीत चालत राहिलं. थोरलीला रडूच फुटलं. "धाकट्या, जमलं रे! जमलं!"

"काय जमलं, ताई?" आवाज मागून आला. धुक्यातून धाकटा चहाचे पेले घेऊन येत होता.

"तू... आत नव्हतास?"

"मी? चहा आणायला गेलो होतो की. केव्हाचा."

सीट रिकामी होती. पेडलवर कालच नवं रबर बसवलेलं. त्याची फक्त उजवी कड झिजून पांढरी पडली होती. वाकड्या घोट्याचा पाय जिथे पडे, तिथेच.

पण शर्यत थांबणार नव्हती. थोरलीनं बॉनेट लावलं, दार उघडलं आणि ती म्हणाली, "बाबा, जरा सरका. मला बसू द्या."

आणि काय सांगावं! रेषेवर हसायला जमलेल्यांची तोंडं तशीच उघडी राहिली. गाडी ठणठणीत उभी राहिली, निशाण पडताच सुटली, प्रत्येक वळणावर पाय काढला तरी दम न सोडता चढली आणि सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोचली. लोकांनी थोरलीला खांद्यावर घेतलं. काका गर्दी सारत आले. "इंजिन कुठे जात नाही," ते म्हणाले. "दादा जिंकला गं."

संध्याकाळी गॅरेजात थोरलीनं बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढली. धाकटा दारातच उभा होता.

"ताई... सकाळी तीन टकटक केलीस का?"

आनंदाच्या भरात ती विसरली होती. तिनं पाना उचलला. एक. दोन. तीन.

"झालं, बाबा. आपण जिंकलो. उतरा आता."

दार उघडलं नाही. सीट कुरकुरली नाही. मग तिच्या डोळ्यांसमोर पेडलपासून थ्रॉटलला जाणारी तार हळूहळू ताणली गेली, गार पडलेल्या इंजिनावर थ्रॉटलची झडप पुरती उघडली आणि तशीच उघडी राहिली, जणू पुढची शर्यत आत्ताच सुटणार होती.

तीन ऐकूनही बाबा उतरला नाही, असं पहिल्यांदाच झालं होतं.