परत न आलेले

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: ‘गाठ निरुपद्रवी. खात्री ९९ टक्के.’ डॉ. हेमांगी रेडकरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुण्याच्या फुप्फुसचित्र केंद्रात त्या बावीस वर्षं छातीची चित्रं वाचत होत्या. समोरच्या गाठीच्या कडा काटेरी होत्या. अशी गाठ दिसली की सुईनं तुकडा काढून तपासायचा, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. पण आता चित्रं ‘पारखी’ वाचायचा. सखोल शिक्षणानं, म्हणजे हजारो चित्रं दाखवून घडवलेलं हे यंत्र हिरवं म्हणालं की आरोग्य योजनेत पुढची तपासणी मंजूर होत नसे. डॉक्टरांनी निमूट सही करायची, एवढंच काय ते उरलं होतं.

गाठ होती आकाराम चौगुलेची. कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत वीस वर्षं साचे भरताना वाळूची धूळ छातीत घेतलेला माणूस. बाहेर बाकावर तो खुशीत बसला होता. “मशिननं पास केलं न्हवं? मग जातो की डॉक्टरबाई.”

“बसा. हलायचं नाही,” हेमांगी म्हणाल्या आणि पारखीचा अभियंता इंद्रजित फाटक याच्या खोलीत तरातरा शिरल्या.

“काटेरी गाठ निरुपद्रवी, हे पारखीला शिकवलं कोणी?”

इंद्रजित शांतपणे समजावू लागला. “मॅडम, यंत्राला शिकायला हजारो चित्रं लागतात. फाउंड्री कामगारांच्या अशा गाठींची खरी चित्रं एकतीसच होती. म्हणून प्रतिमाजनक वापरला. तो खऱ्या चित्रांची धाटणी उचलतो आणि तशीच, पण थोडी वेगवेगळी, कृत्रिम चित्रं घडवतो. एकतिसांची चाळीस हजार केली.”

“आणि मूळ एकतीस गाठी निरुपद्रवी होत्या, हे कशावरून? तुकडे काढले होते?”

“नाही. केंद्राच्या शिबिरांत घाईनं तपासून घरी पाठवलेले ते रुग्ण. नियम आहे ना. दोन वर्षांत रुग्ण तक्रार घेऊन परत आला नाही, तर गाठ निरुपद्रवी धरायची.”

“का आला नाही, ते विचारलंत?”

“तसा रकाना नाही.”

हेमांगींनी यादी मागवली आणि उभ्याउभ्याच पहिला नंबर फिरवला. रुग्णाच्या बायकोनं फोन उचलला.

“ते? ते जाऊन पाच वर्सं झाली. तुमच्याकडनं आल्यावर सा म्हैनं बी काढलं न्हाईत. छातीतच पसरलं हुतं म्हनं.”

“केंद्राला कळवलं नाहीत?”

“काय कळवायचं बाई? तुमीच तर सांगितलं हुतं, काय न्हाई म्हनून.”

संध्याकाळपर्यंत सव्वीस घरांत फोन लागले. त्यांतल्या एकोणीस घरांत तो माणूस उरला नव्हता. एकोणीस मेलेल्यांना ठणठणीत ठरवून त्यांच्या गाठींच्या हजारो नकला यंत्राकडून घोटवून घेतल्या होत्या. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथं तर दळणारे सगळे डोळस आणि पदवीधर होते.

इंद्रजितचा चेहरा उतरला. “मॅडम, याहून वाईट आहे. पारखी ज्यांना घरी पाठवतो, त्यांतले परत न आलेले त्याच्याच नावावर ‘अचूक निदान’ म्हणून चढतात. मग त्यांच्यापासून आणखी नवी चित्रं.”

“म्हणजे माणसं मरतील तसतसा हा हुशार ठरणार!” हेमांगी ओरडल्याच.

त्यांनी आकारामला त्याच दिवशी केंद्राबाहेर, एका मैत्रिणीच्या रुग्णालयात पाठवलं. तुकडा तपासला. कर्करोगच निघाला, पण वेळेत. शस्त्रक्रिया झाली आणि माणूस वाचला.

दोघांनी पारखीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीला सगळं लिहून कळवलं. उत्तर तीन ओळींचं आलं. फोनवरचं बोलणं हा पुरावा नव्हे. बाहेरच्या रुग्णालयाचे कागद ग्राह्य नाहीत. रुग्णानं स्वतः केंद्रात येऊन तक्रार नोंदवली, तरच निदान चुकलं असं मानलं जाईल.

म्हणून त्या निदानाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आठवड्यात हेमांगींनी आकारामला मुद्दाम बोलावून घेतलं आणि नोंदणीच्या यंत्रापुढे उभं केलं. पडद्यावर प्रश्न आला: ‘तक्रार?’ खाली यादी होती. खोकला, ताप, धाप, छातीत दुखणं.

“तक्रार ह्या मशिनीचीच हाय की!” आकाराम गरजला. “ह्यो म्हनला काय न्हाई, आन् तिकडं डाक्टरनी माझं फुप्पुस कापून गाठ काढली!”

‘कृपया शरीराची तक्रार निवडा,’ यंत्र म्हणालं.

खोकला नव्हता, ताप नव्हता. गडी दोन जिने चढून आला होता. ‘खोकला’वर दाबायला हेमांगींनी बोट उचललं आणि मागे घेतलं. खोट्या नोंदींनीच तर इतकी माणसं खाल्ली होती. तेवढ्यात वेळ संपली आणि पडद्यावर आपोआप अक्षरं आली: ‘तक्रार नाही. पूर्वीचं निदान अचूक.’

आकारामनं ती अक्षरं पुन्हा वाचली. “डॉक्टरबाई, म्हंजे ह्याला खोटं पाडायचं तर मी मरायलाच पायजे?”

“नाही हो,” हेमांगी म्हणाल्या. “मेलात तर तुम्ही परत येणार नाही. मग तर ते खरंच ठरलं.”