ब्रीनाचं नाक आणि खिशातला हेर

"ब्रीनाला शनिवारी देऊन टाकणार!"

तेओ धापा टाकत अंगणात आला आणि ओर्नेलाची चेस्टनटची टोपली लाथेने उलथवून मोकळा झाला.

"आंधळा आहेस का?" ओर्नेला ओरडली. "आणि कोण देणार? कुणाला?"

"नोनो! सिल्वानो बार्बांना! खिडकीखाली उभा राहून ऐकलं मी!"

चेस्टनट तिथेच पडून राहिले. शरदातली सुट्टी लागून दोनच दिवस झाले होते. तेरा वर्षांची ओर्नेला आणि दहा वर्षांचा तेओ पूला शहरातून ब्रेग गावी आजोबांकडे, म्हणजे नोनोंकडे आले होते. शेजारची नेविया, गावात टपाल वाटणाऱ्या बाईंची मुलगी, पहिल्याच दिवशी त्यांना येऊन चिकटली होती. तिघांचे सुट्टीचे बेत पक्के झाले होते आणि त्या प्रत्येक बेतात ब्रीना होती.

ब्रीना म्हणजे बेपी नोनोंची तपकिरी ठिपक्यांची कुत्री. मिर्ना नदीकाठच्या जंगलात झाडांच्या मुळांशी पांढरे ट्रफल वाढतात. ही अळंबी जमिनीच्या पोटात असते, माणसाच्या डोळ्याला ती दिसायची नाही. ती हुंगून काढायची कुत्र्याने. आणि ब्रीनासारखं नाक साऱ्या खोऱ्यात नाही, हे तर नोनोच सगळ्यांना सांगत सुटायचे.

तिघं स्वयंपाकघरात घुसली. टेबलापाशी सिल्वानो बार्बा नोनाने, म्हणजे आजीने, तळलेल्या फ्रितुल्यांचा, त्या गोड भज्यांचा, फडशा पाडत बसले होते. मोठ्या माणसाला इथे 'बार्बा', म्हणजे काका म्हणायची रीत होती. गावातले टीव्ही, रेडिओ, पंप, सगळं तेच दुरुस्त करायचे.

"नोनो, खरं आहे का हे?" ओर्नेलाने विचारलं.

नोनोंनी मान वर केली नाही. "सहा आठवडे झाले, पोरी. एक ट्रफल नाही! ब्रीना झाडापाशी नेते, पायाने उकरते, मी खणतो, आणि खाली नुसती माती. मग ती माझ्याकडे बघते आणि मी तिच्याकडे. म्हातारी झाली ती. नाक गेलं तिचं."

"कामाची राहिली नाही, पण टाकून थोडीच द्यायची?" तोंडातला घास न गिळताच सिल्वानो म्हणाले. "शनिवारी दहा वाजता येतो, बेपी बार्बा, आणि घेऊन जातो. पडून राहील माझ्या अंगणात. शेजारी असतात कशाला?"

"भला माणूस आहेस बाबा," नोनो पुटपुटले. पण त्यांचा उजवा हात टेबलाखाली गेला होता आणि तिथे ब्रीना त्यांच्या बोटांतली फ्रितुली अगदी हळूच खात होती. ओर्नेलाने ते पाहिलं आणि ती रडकुंडीला आली.

"रडत काय बसायचं?" अंगणात आल्यावर नेविया म्हणाली. "आधी नाक तपासू!"

नोनाच्या फडताळात एक बरणी होती. तिच्यात अंडी, आणि अंड्यांना वास लागावा म्हणून मध्ये अंगठ्याच्या नखाएवढा गेल्या वर्षीचा सुकलेला ट्रफल. नेवियाने तो उचलला आणि लाकडांच्या ढिगात खुपसला. ब्रीनाला सोडलं. एक, दोन, तीन... सापडला! मग कुंडीखाली पुरला. तिथेही सापडला! तिसऱ्यांदा तेओने तो कोंबड्यांच्या खुराड्यामागे हातभर खोल पुरला. ब्रीनाने तोही काढला आणि या वेळी सरळ गिळून टाकला.

"परीक्षा संपली," तेओ म्हणाला. "विद्यार्थिनीने प्रश्नपत्रिकाच खाल्ली."

"म्हणजे नाक शाबूत आहे," ओर्नेला हळूहळू म्हणाली. "ती बरोबर जागा दाखवते. पण तिच्याआधीच कुणीतरी तिथलं काढून नेलेलं असतं! खड्डा बुजवून वर पानं पसरली की नोनोंना काय कळणार? वास तेवढा मातीत राहतो."

सिल्वानो बार्बा गेल्यावर मुलांनी हे नोनोंना सांगितलं आणि ते उसळलेच. "अशक्य! माझ्या जागा मला ठाऊक आणि ब्रीनाला ठाऊक. गाडी मी स्मशानापाशी लावतो, उलट्या दिशेने निघतो, दोनदा नदी ओलांडतो. चाळीस वर्षांत तुमच्या नोनालासुद्धा एक झाड सांगितलं नाही. पाद्रीबाबांपुढे सगळी पापं कबूल केली, पण ओकचं एक झाड नाही!"

"आणि त्या पापांत फोन न उचलणंही येतं का?" चुलीपाशी उभी असलेली नोना कडाडली. "सकाळी दहाला फोन केला, बंद! काल बंद, परवा बंद!"

"बॅटरी टिकत नाही त्याला मी काय करू? रात्रभर चार्ज करतो, दहाच्या आत मान टाकतो. सिल्वानोने एवढा हौसेने निवडून दिला, अक्षरंही मोठी करून दिली. मी तर त्यावर फक्त तुझा आवाज ऐकतो आणि टॉर्च लावतो."

ओर्नेलाने कान टवकारले. नवा फोन, वापर जवळजवळ नाही, आणि बॅटरी दहाच्या आत खलास? तिने चार्ज करून काढून ठेवलेला फोन उचलला. टेबलावर नुसता पडलेला फोन, पण हाताला चांगलाच गरम लागला.

"नोनो, बघू का जरा?"

"बघ की. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

ओर्नेलाने सेटिंग्ज उघडली आणि बॅटरी कोण खातं त्याची यादी काढली. तिघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"टॉर्च, चार टक्के," तेओने वाचलं. "फोन, पाच टक्के. 'ध्वनी साहाय्य'... एकाहत्तर टक्के! हे काय असतं?"

"बघू." ओर्नेलाने पडद्यावरची सगळी चित्रं सरकवून पाहिली. ध्वनी साहाय्य कुठेच नव्हतं. मग तिने लपवलेल्या ॲप्सची यादी उघडली. फोनमध्ये तशी सोय असते, तिथेही काही नाही.

"मग नसेलच," नेविया म्हणाली.

"नसेल तर एकाहत्तर टक्के कोण जेवलं? चित्र पुसता येतं गं, पण सेटिंग्जमधल्या पूर्ण यादीतून नाव पुसणं इतकं सोपं नसतं." तिने 'सगळी ॲप्स दाखवा' वर बोट ठेवलं आणि यादी खाली ढकलत नेली. शेवटाकडे एक राखाडी चौकोन होता, चित्राविना. ध्वनी साहाय्य!

"आता याला कशाकशाची परवानगी आहे ते बघू. आवाजाची? नाही! स्थानाची, म्हणजे फोन कुठे आहे त्याची. कधी? कायम! शेवटचं कधी पाहिलं? एक मिनिटापूर्वी! आणि फोनमध्ये टाकलं कधी? चार सप्टेंबर."

"चार सप्टेंबरलाच सिल्वानोने फोन आणून दिला," नोना म्हणाली. तिच्या हातातला झारा तसाच हवेत राहिला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा! नोनो दोनदा नदी ओलांडत होते, मागे वळून बघत होते, आणि हेर त्यांच्याच खिशात बसून प्रत्येक झाडाचा पत्ता कळवत होता.

"काढून टाकू!" तेओ फोनवर झडप घालत म्हणाला.

"थांब रे!" नेवियाने त्याचा हात पकडला. "काढलंस तर बातम्या कुणाला जातात ते कसं कळणार?"

नोनो खुर्चीत मटकन बसले. "सिल्वानो? नाही गं. माझ्या ताटात जेवतो तो. आणि ऐका, या खोऱ्यात कुणाला ट्रफलचोर म्हटलं की तीन पिढ्या बोलणं तुटतं. पुराव्याशिवाय तो शब्द माझ्या घरातून बाहेर जायचा नाही. पुरावा नसेल तर शनिवारी ब्रीना जाईल. शब्द दिलाय मी."

"आणि पुरावा मिळाला तर?"

नोनोंनी ब्रीनाकडे पाहिलं.

शुक्रवारी दुपारी तीन मुलं आणि एक कुत्री जुन्या गिरणीमागे निघाली. तिथे नदीला लागून पॉपलरची झाडं होती आणि झाडांखाली नुसते धोंडे. नेवियाचे बाबा म्हणायचे, इथे ट्रफल सोडा, गवतसुद्धा नाइलाजाने उगवतं. फोन तेओच्या खिशात होता.

"नोनोंसारखा चाल," ओर्नेलाने बजावलं. "फोनला वाटलं पाहिजे नोनोच चाललेत."

तेओने हात मागे बांधले, पोट पुढे काढलं आणि खाकरला. चार पावलं गेला, थांबला, मागे वळला, ओढा ओलांडला, परत आला. "अशक्य!" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पाद्रीबाबांनासुद्धा ओक नाही!"

नेविया हसून हसून धोंड्यावर बसली. "अरे, फोनला पोट दिसत नाही!"

एका पॉपलरच्या बुंध्याशी तेओ पुरती वीस मिनिटं उभा राहिला. तोवर मुलींनी खणून जॅमची रिकामी बरणी पुरली. तिच्या झाकणाला त्यांनी भोकं पाडली होती, आत अंड्यांच्या बरणीतलं ट्रफलचा वास मुरलेलं फडकं होतं आणि फडक्यात एक चिठ्ठी. वर पानं पसरली. ब्रीना लगेच उकरायला धावली, तिला दोघींनी मिळून धरावं लागलं.

"बघितलंस? नाक गेलं म्हणे!" ओर्नेला तिच्या कानात म्हणाली.

शनिवारी सकाळी आठ वाजता नदीवर धुकं होतं. गिरणीच्या भिंतीआड नोनो, नोना आणि तिन्ही मुलं दाटीवाटीने उभी होती. ब्रीना नोनोंच्या पायांशी. नोनोंच्या फोनचं नेटवर्क ओर्नेलाने मुद्दाम बंद ठेवलं होतं, म्हणजे ते इथे आहेत हे कुणाला कळू नये.

"कोणी येत नाही," नोनो कुजबुजले. खरं तर कुणी येऊ नये असंच त्यांना वाटत होतं. "दोन तासांनी तो आपल्या घरी येईल, कुत्रीला न्यायला."

"श्श!"

धुक्यातून एक कुत्रा आला आणि मागोमाग सिल्वानो बार्बा. एका हातात कुदळी, दुसऱ्या हातात फोन. डोळे फोनवरून हलत नव्हते, त्यामुळे पुढचा ओढा त्यांना दिसलाच नाही. धप्प! गुडघाभर पाण्यातून ते शिव्या देत वर आले आणि पुन्हा फोनकडे बघत थेट त्या पॉपलरपाशी गेले. त्यांच्या कुत्र्याने जमीन हुंगली आणि तो उकरायला लागला.

"शाब्बास! म्हाताऱ्याने नवीन जागा काढली बरं का!" सिल्वानो हात चोळत म्हणाले आणि गुडघ्यांवर बसून खणू लागले. टण्! कुदळी काचेवर आदळली. त्यांनी बरणी बाहेर काढली, चिठ्ठी उलगडली आणि मोठ्याने वाचायला लागले:

"'सिल्वानो बार्बा, या जागी बेपी नोनो कधीच आले नाहीत. त्यांचा फोन मात्र काल येऊन गेला, तेओच्या खिशातून. तुम्हाला... कुणी... सांगितलं?'"

"भौ!" ब्रीनाने विचारलं.

सगळी भिंतीआडून बाहेर आली. सिल्वानो ताडकन उठले. "बेपी बार्बा! मी आपला... फिरायला आलो होतो."

"कुदळी घेऊन?" नोनाने विचारलं.

"पायाला आधार म्हणून! आणि ही पोरं काय वाट्टेल ते..."

"तेओ, पळ!" ओर्नेला म्हणाली. तेओने नोनोंच्या फोनचं नेटवर्क चालू केलं आणि तो घेऊन दूर धुक्यात पळत सुटला. तिने सिल्वानोंच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवलं. "नोनो, तिथे बघा."

नोनोंनी चष्मा लावला. सिल्वानोंच्या फोनवर नदीकाठचा नकाशा उघडा होता. त्यावर एक लाल ठिपका आधी गिरणीपाशी उमटला. थोडा वेळ तो तसाच राहिला आणि मग टुणकन ओढ्यापलीकडे गेला.

"मी कुठे आहे?" धुक्यातून तेओचा आवाज आला.

"ओढ्यापलीकडे!" नोनो ओरडले. एवढा मोठा आवाज त्यांच्या छातीत आहे हे मुलांना माहीत नव्हतं.

मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या जागा नेल्यास ते एक वेळ सोडलं असतं, सिल्वानो. पण ही माझी ब्रीना. तिने मला जागा दाखवली आणि मी तिला म्हातारी म्हणालो. तुझ्यामुळे मी तिच्यावरचा विश्वास घालवला. आणि तिचं नाक शाबूत आहे हे ठाऊक असूनच तू तिला न्यायला निघाला होतास. आज संध्याकाळी खानावळीत ट्रफलवाल्यांची सगळी मंडळी जमणार आहे. तिथे सगळ्यांसमोर हे तू सांगायचंस. मी एक शब्द बोलणार नाही."

सिल्वानोंची मान खाली गेली ती वर आलीच नाही. खानावळीत त्यांना सगळं सांगावं लागलं, आणि मंडळींनी त्यांना या हंगामापुरतं जंगल बंद केलं.

घरी येऊन ओर्नेलाने त्या राखाडी चौकोनाचे सगळे अधिकार काढून घेतले, मग तो पुसून टाकला आणि यादी पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली. पण नोनोंना घाई दुसरीच होती. अंगणात ब्रीनापुढे ते गुडघ्यांवर बसले, तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाले, "चुकलो गं बाई." ब्रीनाने त्यांचं नाक चाटलं.

रविवारी सर्व संतांचा दिवस. सगळ्यांनी थडग्यांवर शेवंती वाहिली, मेणबत्त्या लावल्या. मग नोनो मुलांजवळ आले आणि खाकरले. "माझ्या वडिलांचा एक ओक आहे. वर्षातून एकदा, आजच्या दिवशीच जातो मी तिथे. आजवर कुणाला नेलं नाही. चला तिघं!" फोन त्यांनी नोनाच्या हातात दिला. "हा घरीच राहू दे."

"जा, जा," नोना म्हणाली. "दुसऱ्या वळणावर चिखल असेल, सांभाळा."

नोनो जागीच थिजले. "तुला... तुला कसं ठाऊक?"

"चाळीस वर्षं तुमच्या विजारी कोण धुतंय? तांबडी माती फक्त त्या एकाच ओकापाशी आहे."

मुलं खो खो हसत सुटली. नोनो कपाळाला हात लावून चालू लागले.

दुसऱ्या वळणापुढे एक जुना, वाकलेला ओक उभा होता. ब्रीना धावत गेली, तिने एकदा हुंगलं, पायाने उकरलं आणि ती नोनोंकडे बघत थांबली. नोनोंनी कुदळी ओर्नेलाच्या हातात दिली. तिने हळूहळू माती बाजूला केली आणि तळहातात मावेना एवढा पांढरा ट्रफल वर आला!

"चाळीस वर्षं मी स्वतःला हुशार समजत होतो," नोनो म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पण मी मागे वळून बघत राहिलो, आणि तुम्ही खिशात बघितलंत. शाब्बास रे पोरांनो! आता ही जागा तुमची."

"म्हणजे आता पाच जणांना माहीत झाली," नेविया बोटं मोजत म्हणाली. "आपण चौघं आणि नोना."

"सहा!" तेओ ओरडला. "ब्रीनाला विसरलीस!"

"ब्रीना पहिली," नोनो म्हणाले, आणि खड्डा त्यांनी स्वतःच्या हातांनी नीट बुजवला.