दुसरा डोळा

जूनपासून मी दर आठवड्याला पेणजवळच्या हमरापूरला जात होते. अलिबागहून एसटी, पुढे सहा आसनी रिक्षा, मांडीवर श्वास मोजायच्या यंत्राची पेटी. गणपतीच्या कारखान्यांतल्या माणसांची फुप्फुसं तपासायची, एवढंच काम. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत तो संपेपर्यंत जोरात फुंकायचं. किती हवा बाहेर आली ते यंत्र लिटरमध्ये सांगतं. "फुंका, अजून फुंका" ओरडून ओरडून संध्याकाळी माझाच घसा बसायचा.

काळूराम दिवसभर प्लॅस्टरच्या मूर्ती पॉलिश पेपरने घासायचे. पापण्यांपर्यंत पांढरे.

"मॅडम, आमचा फुगा करनार काय फुंकून फुंकून?"

"आधी मास्क लावा."

"मास्क लावला तर बिडी कुठनं ओढू?"

एवढी धूळ खाऊनही त्यांचा आकडा दर वेळी तीन लिटरच्या आसपास राहायचा.

काशीमावशीचा मात्र उतरत होता. वय बावन्न, काम फक्त डोळ्यांच्या आखणीचं. बंद खोली, स्वच्छ फरशी, हातात बारीक ब्रश. तिथे धूळ जवळजवळ नव्हतीच. पहिला आकडा एक लिटर नव्वद. आठवड्याने एक अठ्ठ्याहत्तर. मग एक एकोणसत्तर. नंतरचा आठवडा ती लेकीकडे होती; आल्यावर आकडा तसाच होता. पुन्हा आठवडाभर काम केलं आणि एक चोपन्न.

किती मूर्ती झाल्या त्याच्या खडूच्या रेघा ती दारामागे ओढायची. मी सहज आठवड्यागणिक मोजल्या. चाळीस, तीस, शून्य, पन्नास. मूर्तीमागे तीन मिलिलिटर. इतकं बारीक मोजायची त्या यंत्राची कुवतच नाही. यंत्र दोनदा तपासलं, बरोबर निघालं. अहवालात मी यातलं काही लिहिलं नाही.

त्या दिवसापासून मी तिच्या शेजारी बसून बघू लागले. डोळा काढताना हात हलू नये म्हणून ती श्वास धरायची. डोळा संपला की पुन्हा श्वास घ्यायची. तासभर बघितल्यावर माझ्या लक्षात आलं, ती श्वास सोडतच नव्हती. घ्यायची, धरायची, पुन्हा घ्यायची.

"मावशी, हे काम बंद करा. बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी दाखवतंय. असंच चाललं तर चतुर्थी बघणार नाही तुम्ही."

"मना ठावं हाय गो बाय," ती म्हणाली. "पन दुसरं कोन हाय?"

पुढच्या मंगळवारी दुपारी ती एका मूर्तीसमोर पाटावर बसली होती. उजवा डोळा झाला होता. डाव्यासाठी तिने श्वास घेतला आणि खोकला सुरू झाला. ओठ निळे पडले. मी तिला भिंतीला टेकवलं, रुग्णवाहिकेला फोन केला. तिने माझा हात धरला.

"एका डोल्यावर ठेवून उठायचं न्हाय. कदीच न्हाय." ती पुन्हा ब्रशकडे सरकू लागली.

"बसा तिथेच. मी काढते."

प्रयोगशाळेत चार वर्षं मी थेंब मोजले होते. माझा हात स्थिर होता. तिला उठू द्यायचं नव्हतं, एवढाच विचार होता.

"श्वास धर," ती मागून म्हणाली.

मी धरला. वरची कड, खालची कड, मधली काळी बाहुली. चाळीस सेकंदं लागली असतील.

डोळा पुरा झाला.

मी श्वास सोडायला तोंड उघडलं. सोडायला आत काहीच नव्हतं.

पंखा बंद होता, खिडकीही. मूर्तीच्या सोंडेजवळ असलेल्या माझ्या मनगटावरची लव हलली. थांबली. पुन्हा हलली. त्या झुळकेला ऊब होती.

मागे मावशी बसल्या जागी लांब श्वास घेत होती, न खोकता. मग तिने तो सोडला. तिला श्वास सोडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"पयल्यांदा असंच व्हतं," ती मायेने म्हणाली. उठली, माझ्या हातातला ब्रश धुऊन परत माझ्या हातात दिला आणि पुढची मूर्ती माझ्यासमोर सरकवली.

नको म्हणायला मी तोंड उघडलं. एका शब्दाला लागते तेवढीही हवा माझ्या छातीत नव्हती.