नंबरावरचं नाव

"ज्या समाजाचं टपाल परक्यांच्या हाती, तो समाज गुलाम!" असं दत्तात्रयराव बरकतपुऱ्यात मराठी मंडळाच्या बैठकीत गरजले, आणि घरी कपाटाशेजारी मंडळाचा स्वतःचा मेल सर्व्हर मांडून मोकळे झाले. त्यावरून सुवर्णमहोत्सवाची निमंत्रणं ई-मेलनं पाठवली. जेवायची पानं वाढायच्या आत सगळी परत आली. एकाही गुलामानं घेतली नव्हती.

चिटणीस योगिनीचा फोन आला. "काका, चिक्कडपल्लीत कुणालाच पत्रिका नाही. आज गेल्या नाहीत तर लोक येतील कसे?"

"निघाल्यात," काका म्हणाले.

परत आलेल्या प्रत्येक पत्रिकेवर एकच तक्रार होती: नावावरून तुमच्या सर्व्हरचा नंबर सापडतो, नंबरावरून नाव सापडत नाही. म्हणजे घर आहे, दारावर पाटी नाही. ही उलटी नोंद इंटरनेट कंपनीनंच करायची असते. बैठकीत ज्यांचा उद्धार केला, त्यांनाच फोन लावायचा म्हणून त्यांनी आधी खोलीचं दार लोटून घेतलं.

"हो जाता, साब. नाम बोलो," पलीकडची बाई म्हणाली. त्यांनी मंडळाचं नाव एकेक अक्षर फोडून सांगितलं.

दुपारी नंबराला नाव विचारून पाहिलं. उत्तर आलं: अंबाजी.

ना घरात कुणी अंबाजी, ना मंडळात. त्यांनी पुन्हा फोन लावला.

"आपीच बोले ना, साब. 'अंबाजी बोलरा हूं' बोलके. बदलने कू दो रोज लगते."

असं काही बोलल्याचं त्यांना आठवेना. पण दोन दिवस थांबायचं, तर योगिनीला सगळं सांगावं लागणार. त्यांनी तसंच 'पाठवा' दाबलं. नियमानं दोन्हीकडची नावं जुळायला हवीत. जुळत नव्हती. तरी पत्रिका गेल्या.

सुलतान बाजारच्या कापडवाल्या प्रमोदचं पहिलं उत्तर आलं: "अंबाजीकाका, सहकुटुंब येतो."

पाठोपाठ योगिनीचा फोन. "मिळाल्या बरं का, अंबाजीकाका! मानलं तुम्हाला."

चूक दुरुस्त करायची, तर मुळापासून सांगावं लागलं असतं. ते नुसतं "हं" म्हणाले.

त्यानंतर मात्र त्यांना खोलीत बसवेना. ते बाहेर आले.

त्यांच्या पत्नी मालतीबाई स्वयंपाकाच्या ओट्याशी होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि पदर सावरला. घरच्या माणसासमोर कुणी इतका सावरत नाही.

"अगं, मी..." त्यांनी तोंड उघडलं. पुढे स्वतःचं नावच आठवेना.

"बसा ना, भावजी," मालतीबाई आदबीनं म्हणाल्या. "हे येतीलच एवढ्यात. तोवर कोपऱ्यावरून जरा दही आणून देता का?"