पुढचा ओटा

कॉफी नीट उकळू दे, तोवर ऐका. आपल्या सार्मिदी रंगाऱ्याची गोष्ट आहे. खोटी वाटली तर त्यालाच जाऊन विचारा. मला त्या सकाळी एकदाच बोलला, आता तो बोलणार नाही, ते सोडा.

टेकडीवरचा तो खांबांचा बंगला तेलाच्या डच साहेबाचा. तेल आटलं, साहेब गेले, मागच्या भिंती पडल्या. यंदा सरकारी माणसांना अचानक वारसा आठवला. रंगवायचा मात्र फक्त दर्शनी भाग, कारण शुक्रवारी सकाळी मोठे पाहुणे फोटो काढायला येणार. मागं काय उरलंय ते बघायचंय कुणाला?

सार्मिदीनं ते काम हट्टानं मागून घेतलं. त्याचा बाप पोरवयात तिथं गडी होता. पुढच्या दारानं यायची गड्यांना मनाई. साहेब गेल्यावरही म्हातारा मरेपर्यंत मागूनच जायचा. सार्मिदीला ते फार डाचायचं. "बाप नाही तर नाही, मी तरी त्या दारातून जाईन," म्हणायचा.

गुरुवारी संध्याकाळी त्यानं ओट्याला लाल रंगाचा शेवटचा हात दिला. रात्री साडेअकराला वाळलाय का ते बघायला परत गेला. क्लिवोन शुक्रवारची, म्हणजे भुताखेतांच्या वाराची, आदली रात्र. असल्या रात्री आपण पोरांना अंगणातही सोडत नाही. पायरीखाली उभा राहून त्यानं सवयीनं हाक दिली, "कुलोनुवुन." कुणाच्याही दारात आपण म्हणतोच, येऊ का म्हणून. पण रिकाम्या घराला म्हणू नये...

आतून उत्तर आलं.

"मागून ये, मिदी. पुढून आपल्याला मनाई आहे."

तीस वर्षांपूर्वी पुरलेल्या बापाचा आवाज.

पळाला का विचारतोस? पळाला असता तर बरं झालं असतं. त्याला भीतीआधी राग आला.

"बापा, साहेब मेले. आता कसली मनाई? तूच पुढून बाहेर ये. ताठ चालत ये."



दार करकरलं.

फरशीवर काहीतरी घासलं. थांबलं. पुन्हा घासलं... जवळ आलं.

सार्मिदीनं डोळे मिटले.

"बापा?"

...

सकाळी पाहुण्यांच्या आधी मी पोचलो. तो तिथंच उभा होता. ओल्या रंगात उंबऱ्यापासून पायरीपर्यंत ठसे. अनवाणी चवड्यांचे, आणि शेजारी तळहातांचे. साहेबापुढं गडी उकिडवे सरकत जायचे, तसे. सार्मिदीच्या बुटांसमोर येऊन ते थांबले होते. पोटच्या पोरापुढं.