तीन रुपयांचा धडा

"हा मास्तर काही मले पास होऊ देत नाई!"

मी हे मोठ्यानं बोलले, हे मला शेजारच्या केबिनमधून हसण्याचा आवाज आला तेव्हा कळलं.

२००९ सालचा भाद्रपद होता. आलापल्लीत जिशानभाईंच्या नेट कॅफेच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि माझ्यासमोरच्या पडद्यावर एक गोल चक्र नुसतं फिरत होतं. चक्राच्या मागे काळा फळा, फळ्यावर एक हात, हातात खडू. पाच मिनिटं झाली, तो हात तिथंच अडकला होता.

मी वनरक्षक भरतीची तयारी करत होते. मागच्या वर्षी मैदानाची तयारी पक्की होती, पण आधीच लेखीत गणितानं पाडलं. आलापल्लीत क्लास नव्हता, आणि नागपूरला राहून शिकण्याएवढी ऐपत नव्हती. अशात जिशानभाईंनी भिंतीवर कागद चिकटवला – 'भरतीचं गणित, इंटरनेटवर. एक धडा तीन रुपये.' तीन रुपये दिले की ते एक कूपन फाडून देत. कूपनावरचा आकडा टाकला की धडा उघडायचा. राजुऱ्यापासून धानोऱ्यापर्यंत पाच-सहा कॅफेंत ही कूपनं मिळायची. मास्तर कोण, कुठला, काही ठाऊक नव्हतं. दिसायचा तो फक्त हात, आणि ऐकू यायचा कॅफेच्या फुटक्या स्पीकरमधून घोगरा झालेला आवाज.

"काऊन?" लाकडी फळीवरून एक डोकं वर आलं. पावसानं ओले केस, बारीक मिशी, आणि फार उत्सुक डोळे. "काय केलं मास्तरनं?"

"काय नाई केलं ते विचारा! एक तर रेल्वेवानी बोलते. अन् उदाहरणं बी रेल्वेचीच. दोन आगगाड्या एकमेकींना ओलांडतात... अहो, मी जन्मात दोनदा आगगाडी पाह्यली. ती ओलांडते म्हणजे काय करते, मले काय माहीत?"

"मग कशाचं उदाहरण द्यावं त्यानं?"

"एसटीचं द्यावं. जीपचं द्यावं. पायी चालणाऱ्या माणसाचं द्यावं. आमच्या इथी माणसं चालतात, साहेब."

तो हसला नाही. खिशातून पेन काढून त्यानं हातावरच काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, विचित्रच प्राणी आहे. पाऊस थांबला, तो निघून गेला. माझा धडा मात्र शेवटपर्यंत उघडलाच नाही.

पुढच्या आठवड्यात मी नवा धडा घेतला. हात फळ्यावर आला. खडू हळू चालू लागला... खरंच हळू.

"आलापल्लीहून एक एसटी निघते," आवाज म्हणाला. "चंद्रपूरहून एक जीप निघते. भेटतील कुठी?"

मी खुर्चीतच ताठ बसले. मधेच दुसरा हात वर यायचा, तेव्हा त्याच्या तळव्यावर क्षणभर निळी शाई दिसत होती. 'एसटी. जीप. पायी.' धुऊनही पुसट राहिलेली.

"जिशानभाई!" मी ओरडलेच. "त्या दिवशी माझ्या बाजूले कोण बसला होता?"

जिशानभाईंनी चहाचा घोट सावकाश गिळला. "तोच. रोशन. चंद्रपूरचा आहे. दर महिन्याला सगळ्या कॅफेत फिरतो, पोरं कुठी अडकतात ते बाजूला बसून पाहतो. मला म्हणाला, सांगू नका."

मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा मी दारातच उभी होते.

"तुम्ही मले सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तर तुम्ही खरं बोलल्या असत्या?"

"तोंड काऊन नाई दाखवत फळ्यावर?"

"तोंड दाखवलं की फाईल मोठी होते," तो गंभीरपणे म्हणाला. "तुमच्या इथली लाईन बारीक. हात एकटाच हलला तर धडा लवकर उघडते."

"म्हणजे तोंड भलतंच मोठं हाय म्हणा की तुमचं."

आता मात्र तो हसला... आणि मला जाणवलं, फुटक्या स्पीकरमधून हे हसू कधी आलंच नव्हतं.

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा बाकावर बसून बोललो. मी विचारलं, "एवढी मेहनत, मग फुकटच काऊन नाई देत? किंवा शंभर काऊन नाई घेत?"

"फुकट देऊन पाह्यलं. चाळीस जणांनी उघडलं, दुसऱ्या धड्याले चारच उरले. तीन रुपये ठेवले, तर घेतलेला धडा पोरं दोन-दोनदा पाहतात. अन् शंभर... शंभर माझ्यापाशी नव्हते, मी भरती देत होतो तेव्हा. लेखीत पहिला आलो होतो. उंचीत एक सेंटीमीटरनं गेलो. आता वयही गेलं."

त्यानं हे असं सांगितलं, की जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट आहे. मी मात्र रात्रभर त्या एका सेंटीमीटरवर रागावत राहिले. स्वतःसाठी जे दार बंद झालं, त्याच दाराशी बसून हा माणूस बाकीच्यांना आत पाठवत होता... तीन-तीन रुपयांत!

मग सुरू झाल्या माझ्या चिठ्ठ्या. धडा पाहायचा, जिथं कळलं नाही ते लिहायचं आणि चिठ्ठी जिशानभाईंकडे द्यायची. ते ती चंद्रपूरच्या एसटीनं मास्तरला पाठवत. दहाव्या मिनिटाला घाई केली. नफा-तोट्यात तेंदूपत्ता घ्या. खोकला आला होता, तेव्हा काढा घ्या. पुढच्या धड्यात घाई नसे, तेंदूपत्ता असे, आणि खोकलाही नसे. सगळ्या जिल्ह्यासाठी बोलणारा तो आवाज मधेच कुठंतरी फक्त माझ्याशी बोलतोय, असं मला वाटू लागलं. कधी वाटायचं, हे माझे भास. कधी वाटायचं... नाही.

आणि मग आला बाविसावा धडा.

"ज्योत्स्ना नावाची मुलगी ताशी चार किलोमीटर वेगानं चालते," आवाज म्हणाला. "ती निघाल्यावर दीड तासानं रोशन ताशी साडेपाच किलोमीटर वेगानं मागून निघतो. तो तिले किती वेळात गाठेल?"

माझे कान तापले. बाजूच्या केबिनमध्ये माझी मैत्रीण रंभा होती. तिनं फळीवर टकटक केली. "ज्योत्स्ने, तुले कोणीतरी गाठून राह्यला वो!"

दोन दिवसांत अख्ख्या आलापल्लीत ते गणित फिरलं. पानठेल्यावर पोरं म्हणू लागली, "साडेपाचचा वेग पाहिजे बाप्पा." कुणीतरी ते बाबांच्या कानावर घातलं. माझे बाबा, देवराव, लाकूड डेपोत लाकडं मोजायचे. कमी बोलणारा माणूस. त्या संध्याकाळी ते घरी आले, ताटावरून नजर न उचलता जेवले आणि बाहेर खाटेवर जाऊन पडले. रागावले असते तर एवढं लागलं नसतं.

मी चिठ्ठी लिहिली. दोनच ओळी. 'मी गणित शिकायले आली होती. तुम्ही माझं नाव तीन रुपयांत विकलं.'

चिठ्ठी दिली आणि कॅफेत जाणं बंद केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाबांचा डबा घेऊन डेपोत गेले, तर सागाच्या ओंडक्यांच्या रांगेत बाबांसमोर रोशन उभा होता. चेहरा पांढरा. मी एका थप्पीमागे थबकले.

"काका, चूक माझी हाय," तो म्हणत होता. "तुमच्या पोरीनं काहीच केलं नाई. मी न विचारता तिचं नाव घेतलं. तो धडा काढून टाकला, नवा करून लावला. ज्यांनी पाह्यला त्या सगळ्यांले नवीन कूपन दिलं अन् माफी मागितली. आता तुमची मागाले आलो."

बाबांनी हातातली मोजपट्टी गुंडाळली.

"त्या गणिताचं उत्तर काय येते?" त्यांनी विचारलं.

रोशन गडबडला. "चार... चार तास, काका."

"मग चार तास इथीच थांब. माझा जोडीदार आज आला नाई. पट्टीचं दुसरं टोक धर."

आणि तो थांबला! भर उन्हात, चांगल्या शर्टात, ओंडक्यामागून ओंडके. मी संध्याकाळी पुन्हा डेपोवर गेले – उगीचच, डबा परत आणायला. दोघं चहा पीत होते. बाबा त्याला सांगत होते, ओंडक्याचा घेर मोजून लाकूड किती निघतं ते कसं काढायचं, आणि तो ते मान खाली घालून उतरवून घेत होता. मला पाहून तो उठून उभा राहिला.

"मी चुकलो," एवढंच म्हणाला.

"नवीन धड्यात कोणाचं नाव टाकलं?" मी विचारलं.

"कोणाचंच नाई. 'एक बाई' अन् 'एक माणूस'."

"बरं झालं," मी म्हटलं. रागातच म्हणायचं होतं, पण त्याच्या पाठीवर लाकडाचा भुसा चिकटला होता, तो पाहून राग कुठल्या कुठं गेला.

मग तो जानेवारीपर्यंत दिसला नाही. धडे मात्र न चुकता येत राहिले. मी सगळे पाहिले. फळ्यावरचा तो हात आता कुठलाच चावटपणा करत नव्हता, नुसता शिकवत होता. मला त्याचं कौतुक वाटायचं, आणि थोडी चुटपुटही लागायची...

जानेवारीत लेखी झाली. प्रश्न वाचताना कानात तोच आवाज होता – हळू, आमच्या बोलीतला. मी पास झाले. मैदानाची धाव झाली. शेवटी उरली चालण्याची परीक्षा. आम्हा मुलींना चार तासांत सोळा किलोमीटर चालायचं होतं, चंद्रपूरजवळच्या डांबरी रस्त्यावर.

सकाळी थंडी होती. दहा किलोमीटर मी झपाझप गेले. अकराव्याला डावी टाच सोलली. बुटात ओलं लागायला लागलं. पुढच्या मुली लहान होत गेल्या, मागच्या पुढे निघून गेल्या. मी घड्याळ पाहिलं, मग पाहायचंच सोडून दिलं. डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं कुणीतरी चालताना दिसलं.

रोशन.

तो माझ्याकडे बघत नव्हता. हाक नाही, खूण नाही. कुणी मदत केली तर मी बाद होईन, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तो नुसता चालत होता, माझ्यापेक्षा चार पावलं पुढे, एकाच लयीत. मी त्याच्या चपलांच्या आवाजावर पाय टाकला. एक... दोन... एक... दोन... पळसाची झाडं मागे जात राहिली. पाच किलोमीटर तो असाच चालला, शब्दही न बोलता. शेवटचा झेंडा दिसला तेव्हा तो थांबला, वळला आणि उलट्या दिशेनं निघून गेला. मी अकरा मिनिटं राखून पोहोचले. धापा टाकत मागे पाहिलं, तर लांबच लांब रस्ता आणि त्यावर एक लहान होत जाणारी पाठ.

त्या दिवशी मला माझं उत्तर कळलं.

मार्चमध्ये यादी लागली. माझं नाव होतं. नेमणूक धानोऱ्याला. मी बाबांना म्हटलं, "चंद्रपूरले जाऊन येतो. मास्तरले सांगायचं हाय."

बाबांनी फक्त विचारलं, "सांगायचं का विचारायचं?"

मी मान खाली घातली. त्यांनी कोपऱ्यातली छत्री उचलून माझ्या हातात दिली. "ऊन हाय. अन् पोरगा चांगला हाय. मोजमापात एकदाही चुकला नाई."

चंद्रपुरात त्याची खोली एका पिठाच्या गिरणीच्या वर होती. दार उघडंच होतं. भिंतीवर तोच फळा. एका स्टुलावर कॅमेरा आणि खाली विटा. गिरणी थांबली की तो धडा टिपायचा आणि सुरू झाली की थांबायचा. अशा तुकड्या-तुकड्यांतून ते सगळे धडे झाले होते, हे मला तेव्हा कळलं. मी दारात उभी राहून पाहत होते... किती वेळ, कोण जाणे.

त्यानं वळून पाहिलं. खडू हातातच राहिला.

"यादी पाह्यली मी," तो म्हणाला. "सकाळपासून तीनदा पाह्यली. तुमचं नाव अठराव्या नंबरवर हाय."

"धानोरा भेटलं मले."

"हो... चांगलं झालं. जंगल चांगलं हाय तिकडं." मग जमिनीकडे बघत म्हणाला, "आता तुम्ही सरकारी नोकरीतल्या. मी आपला..."

"रोशन," मी म्हटलं. पहिल्यांदाच, नुसतं नावानं. "मी धानोऱ्यात खोली पाह्यली. एका भिंतीवर फळा लागते. खिडकी पूर्वेले हाय, उजेड चांगला येते. अन् बाजूले गिरणी नाई."

त्याला समजायला वेळ लागला. गणितात इतका हुशार माणूस, पण यात फारच हळू होता.

"नेट कॅफे हाय तिथं?" त्यानं विचारलं.

"एक हाय. लाईन बारीक हाय."

"चालते," तो म्हणाला. "बारीक लाईनीचं मी पाहतो."

खाली गिरणी सुरू झाली. भिंती थरथरल्या, काही ऐकू येईना. आम्ही दोघं नुसते एकमेकांकडे बघत उभे राहिलो, हसत. त्याच्या पापण्यांवर खडूची भुकटी होती. मी हात पुढे केला आणि ती पुसली.

गिरणी थांबली. त्या अचानक शांततेत तो माझ्याजवळ वाकला आणि म्हणाला, "तू जेवली काय, ज्योत्स्ना?"

तू.

मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्यानं खडू ठेवला, हात धुतले, आणि आम्ही दोघं जिना उतरून जेवायला निघालो.