चौऱ्याऐंशी अंशांची भाकरी

मंगळावरून आलेल्या छायाचित्रात अकरा भाकऱ्या होत्या आणि अकराही फुटलेल्या होत्या. काहींच्या कडा उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारख्या तडकल्या होत्या. एक तव्यावरच दुभंगली होती, आणि एक कुणीतरी चिकटपट्टी लावून जोडली होती. खाली इमानीचा निरोप होता : ‘केतकी, तू सांगितलंस अगदी तसंच केलं.’

बार्शीतल्या आपल्या स्वयंपाकघरात बसून केतकीने ते चित्र पुन्हा पुन्हा मोठं करून पाहिलं. ज्वारी तीच, कृती तीच. इथे तिच्या आप्पांची भाकरी कधी फुटत नसे. मग मंगळावरच का फुटावी?

आप्पा म्हणजे तिचे आजोबा, डॉ. नीळकंठ होनराव. ज्वारीच्या बियाण्यात आयुष्य घातलेले शास्त्रज्ञ. सव्वीस वर्षं खपून त्यांनी ‘बुटकी-सात’ नावाचं वाण तयार केलं होतं. रोपाचं ताट जेमतेम मांडीएवढं उंच, पण कणीस टपोरं, आणि वाढायला सूर्य नसला तरी दिव्यांचा उजेड पुरे. मंगळावरच्या वस्तीत, काचघरातल्या चाळीस चौरस मीटरच्या वाफ्यात, ही बुटकी उभी होती. तिची राखण वस्तीतल्या शाळेची अकरा मुलं करत आणि अकरा वर्षांची इमानी त्यांची म्होरकी होती. पीक झकास आलं होतं. पण त्या ज्वारीचं करायचं काय, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. बारा दिवसांनी वस्तीची सभा होती. तोवर ज्वारीचं काही खाण्याजोगं झालं नाही, तर वाफा बटाट्याला द्यायचा आणि बुटकी उपटून खतात टाकायची, असं ठरलं होतं.

आप्पा त्यावर एवढंच म्हणाले होते, “बटाटा गुणाचा आहे. बटाटा फुटत नाही.” मग ते चष्मा पुसत बसले. एकच काच ते बराच वेळ पुसत होते, हे केतकीच्या नजरेतून सुटलं नव्हतं. म्हणून तर मंगळावरच्या मुलांना भाकरी शिकवायचं काम तिने अंगावर घेतलं होतं.

पहिल्यांदा तिने समोरासमोर शिकवून पाहिलं. इकडे तिचा कॅमेरा, तिकडे इमानीचा तवा, आणि मध्ये भाषांतर करणारं यंत्र. पण त्या दिवसांत पृथ्वी आणि मंगळ साडेबावीस कोटी किलोमीटर दूर होते. रेडिओलहरी (संदेश वाहून नेणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी) प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात. तरीही एवढं अंतर कापायला त्यांना साडेबारा मिनिटं लागतात आणि उत्तर यायला आणखी साडेबारा. इमानीने विचारलं, “आता उलटू का?” प्रश्न इथे पोचला तोवर तिकडची भाकरी काळी ठिक्कर पडली होती, आणि केतकीचं ‘हो’ तिकडे पोचलं तोवर तवा घासून झाला होता.

मग केतकीने दुसरं टोक गाठलं. आप्पांना जे जे येत होतं ते सगळं तिने चित्रित करून पाठवलं. ज्वारीचा इतिहास, मुळांची लांबी, कणसावरची कीड, दळणाचे प्रकार आणि सगळ्यांत शेवटी भाकरी. तीन तास चाळीस मिनिटं. शाळेच्या यंत्रणेने नंतर कळवलं, की कीड येईपर्यंत नऊ मुलं उठून गेली होती. उरलेल्या दोघांनी बाकीच्यांना सांगितलं, आणि त्यातून या अकरा भाकऱ्या जन्माला आल्या.

चुकलं कुठे, असं केतकीने आप्पांना विचारलं. आप्पांनी छायाचित्र जवळ धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं.

“कसं सांगू, बाई? पीठ शिळं असेल, पाणी कमी पडलं असेल, मळलं नसेल. चूक कुठलीही असो, फुटलेली भाकरी सारखीच दिसते. तू त्यांना सगळं सांगितलंस. कुठे थांबून बघायचं, तेवढं सांगायचं राहिलं.”

“मग कसं शिकवायचं ते तुम्हीच सांगा.”

“मला शिकवता येत नाही. माझ्या तासाला मुलं झोपायची.”

केतकीला हसू आलं, पण आप्पा खरंच ओशाळले होते. ओशाळल्यावर ते नेहमी बियाण्यांकडे वळत, तसे आत्ताही वळले. बुटकी-सात कशी तयार झाली, ते ते सांगू लागले. त्यांनी सुरुवात पेरणीपासून केलीच नव्हती. आधी वहीच्या पहिल्या पानावर शेवट लिहिला होता : साठ सेंटिमीटरचं ताट, नव्वद दिवसांत भरलेलं कणीस. मग स्वतःलाच विचारलं, असं ताट यायचं तर आधीच्या पिढीत कोणते गुण हवेत? त्याच्या आधीच्या पिढीत कोणते? असं एकेक पायरी मागे येत येत, हातात असलेल्या बियाण्यापर्यंत ते पोचले होते. पेरणी त्यानंतर.

केतकी ऐकता ऐकता उठली. भिंतीवरच्या फळ्यावर, अगदी वरच्या टोकाला, तिने लिहिलं : ‘भाकरी तव्यावर फुगते आणि पापुद्रा सुटतो.’ हा शेवट. मग ती खाली खाली येऊ लागली. भाकरी फुगायची तर ती कडेपासून मध्यापर्यंत सारख्या जाडीची आणि चिरा नसलेली हवी. तशी थापायची तर पिठाचा गोळा ताणला तरी तुटता कामा नये. इथे आप्पांनी भर घातली. गव्हात ग्लूटेन (पिठाला रबरासारखं धरून ठेवणारं प्रथिन) असतं, ज्वारीत ते नसतं. ज्वारीला चिकटपणा येतो तो स्टार्चमुळे (धान्यातला पिठूळ भाग). गरम पाण्यात त्याचे कण फुगतात आणि एकमेकांना धरतात. म्हणजे त्याच्याही खालची पायरी, गरम पाणी. आणि सर्वांत खाली, बारीक पीठ.

अभ्यासक्रमाची अशी शेवटाकडून आरंभाकडे केलेली आखणी म्हणजे उलटी आखणी (आधी मुक्काम ठरवायचा, मग त्याच्या दिशेने रस्ता मागे मागे शोधायचा). तिचा पहिला फायदा केतकीला लगेच दिसला. फळ्यावरच्या या शिडीत ज्वारीचा इतिहास कुठेच बसत नव्हता, आणि कीडही. कीड गाळताना तिला वाईट वाटलं, कारण ते चित्रण फार सुंदर झालं होतं. शेवटी तिने एक ‘हौसेचा कोपरा’ केला आणि ज्याला पाहायचं त्याने पाहावं म्हणून ती तिथे ठेवून दिली.

पायऱ्या पाच, म्हणून पाठ पाच. एकही सहा मिनिटांहून मोठा नाही. प्रत्येक पाठाच्या शेवटी एक खूण. खूण म्हणजे विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी, बोटांनी तपासता येईल अशी गोष्ट. पीठ चिमटीत चोळलं तर कचकच लागू नये. गोळा दाबला तर कड फाटू नये. खूण जुळली तर पुढे. नाही जुळली तर तिथेच थांबायचं, काय दिसलं ते कळवायचं आणि मागच्या कोणत्या पाठाकडे जायचं तेही तिथेच लिहिलेलं.

“आप्पा, मला पंचवीस मिनिटांच्या आत उत्तर देता येणार नाही,” केतकी म्हणाली. “पण खूण तर तिथेच असेल ना, त्यांच्या हाताशी.”

आप्पांनी मान हलवली. पण पाठ मंगळावर धाडण्याआधी ते एखाद्या संपूर्ण अडाण्याकडून करवून घे, असं त्यांनी सुचवलं. घरात असा एकच होता. भांडी घासणारा यंत्रमानव ठोंब्या. सांगितलेलं सोडून तो काडीइतकंही जास्त करत नसे.

ठोंब्याने पहिल्याच वाक्याला हात टेकले. पुरेसं पाणी म्हणजे किती, ते त्याला कळेना. आप्पा म्हणाले, अंदाजाने घाल.

“माझ्यात अंदाज बसवलेला नाही, आजोबा,” ठोंब्या म्हणाला.

मग आप्पांना स्वतःचाच अंदाज मोजायला बसावं लागलं. चाळीस वर्षं त्यांनी रोज भाकरी केली होती, पण आपण किती पाणी घालतो ते त्यांना माहीत नव्हतं. ते आईच्या शेजारी बसून शिकले होते, त्यांची आई तिच्या आईच्या. त्या साखळीत आकडा कधी आलाच नव्हता. तराजू आणि तापमापक मध्ये ठेवून ते भाकरी थापू लागले, आणि सगळं लक्ष आकड्यांकडे गेल्याने त्यांचीही भाकरी फुटली. केतकी इतकी हसली, की तिला ठसका लागला. तिसऱ्या खेपेला आकडे मिळाले. शंभर ग्रॅम पिठाला शंभर ग्रॅम पाणी, आणि उकळत्या पाण्याचं बार्शीतलं तापमान अठ्ठ्याण्णव अंश. संध्याकाळपर्यंत ठोंब्याने स्वतःच्या हाताने एक भाकरी फुगवली. नवा अभ्यासक्रम रवाना झाला तेव्हा सभेला सहा दिवस उरले होते.

पहिल्या पाठाची खूण अकराही मुलांची जुळली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाठाचा निरोप आला. “बुडबुडे आले, पण तापमापक अठ्ठ्याण्णवऐवजी चौऱ्याऐंशीवरच अडकलाय,” इमानी सांगत होती. “शेगडी वाढवली तरी हलत नाही. खूण अर्धीच जुळते, म्हणून आम्ही इथेच थांबलोय.”

तापमापक बिघडला असणार, असं केतकीने कळवलं. मुलांनी दुसरा लावला. तोही चौऱ्याऐंशी. हे ऐकताच आप्पा खुर्चीतून असे उठले, की केतकी दचकली. पोत्यातल्या बियाण्याला मोड आल्यावर वैतागून किंवा शेतात नवं कणीस दिसल्यावर हरखून, असे दोनच वेळा ते एवढ्या चपळाईने उठत.

“तापमापक बरोबर आहे, केतकी. पाणी वेगळं वागतंय.”

पाण्याचे कण उडून जायला धडपडत असतात, त्यांनी समजावलं, आणि वरची हवा त्यांना दाबून धरते. कणांची धडपड हवेच्या दाबाला पुरून उरली, की पाणी उकळतं. हवा विरळ असेल तर ही लढाई लवकर जिंकता येते. म्हणजे उत्कलनबिंदू (ज्या तापमानाला द्रव उकळतो ते तापमान) खाली येतो. वस्तीच्या भिंतींवर ताण कमी यावा म्हणून आतल्या हवेचा दाब पृथ्वीवरच्या निम्म्याहून थोडासाच जास्त ठेवलेला होता. तिथे पाणी चौऱ्याऐंशीलाच उकळणार. कितीही जाळ केला तरी ते त्याहून गरम होणार नाही, उलट वाफ होऊन उडून जाईल. अठ्ठ्याण्णव अंशांचं पाणी पिठात पडून निवलं तरी सत्तरीच्या वर राहतं, आणि तेवढं स्टार्चला फुगायला पुरतं. चौऱ्याऐंशीचं पाणी साठीवर येतं. पीठ ओलं होतं, पण चिकट होत नाही.

केतकी थक्क होऊन ऐकत होती. अकरा फुटलेल्या भाकऱ्यांनी जे सांगितलं नव्हतं, ते एका न जुळलेल्या खुणेने सांगितलं होतं. आता चूक नेमकी कुठल्या पायरीवर आहे ते माहीत होतं, म्हणून दुरुस्तही तेवढीच पायरी करायची होती.

वस्तीत झाकणबंद दाबपात्र (वाफ आत कोंडून दाब वाढवणारं भांडं) होतं. काचघरातली अवजारं त्यात निर्जंतुक करत. त्यात पाणी शंभर अंशांवर नेऊन मग पिठात ओतावं, असं केतकीला सुचलं. आप्पांनी विचारलं, झाकण उघडल्यावर काय होईल? तिने क्षणभर विचार केला आणि स्वतःच उत्तर दिलं. झाकण उघडलं की दाब गेला, पाणी खदखदून पुन्हा चौऱ्याऐंशीवर.

“मग पीठच आत घालू,” ती हळूच म्हणाली. “पिठाची उकडच आत काढू.”

आप्पांनी खडू तिच्या हातात दिला. दुसऱ्या पायरीच्या शेजारी केतकीने एक छोटी पायरी जोडली. पाठ दोन-अ : पाणी आणि पीठ कालवा, झाकण लावा, दहा मिनिटं शिजवा, दाब पूर्ण उतरल्यावरच उघडा. खूण : थंड झालेल्या गोळ्याची वळी बोटाभोवती गुंडाळली तर तुटत नाही.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी इमानीचं चित्रण येणार होतं. पडद्यासमोर बसलेल्या केतकीच्या मनात आलं, जे व्हायचं ते तिकडे साडेबारा मिनिटांपूर्वीच होऊन गेलंय, फक्त आपल्याला अजून माहीत नाही. आप्पा तिच्या मागे उभे होते, कारण त्यांना बसवत नव्हतं.

पडदा उजळला. इमानीचे पिठाचे हात दिसले. भाकरी गोल होती, कडेला एकही चीर नव्हती. तिने ती तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकताच उलटली. मागे दहा मुलं श्वास धरून उभी होती. काही सेकंद काहीच झालं नाही. मग एका कडेला छोटासा फुगा उठला, सरकला, दुसऱ्या फुग्याला मिळाला, आणि सबंध भाकरी टम्म फुगून चेंडूसारखी गोल झाली. मुलांनी एकदम उड्या मारल्या. मंगळावर वजन जेमतेम तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त, त्यामुळे त्या उड्या पडद्याच्या वर निघून गेल्या आणि चित्रात बराच वेळ नुसती इमानीच उरली. तिने पापुद्रा बोटांनी अलगद सोडवला आणि कॅमेऱ्यापुढे धरला. त्यातून पलीकडचा दिवा दिसत होता.

“झालं का बरोबर?” तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता खाऊन टाकला. तिला उत्तर माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सभेत अकरा मुलांनी त्रेसष्ट भाकऱ्या केल्या. वस्तीतल्या प्रत्येक माणसाला एक, वर काचघरातल्या मिरच्यांचा ठेचा. वाफा बटाट्याला देण्याच्या बाजूने फक्त दोन हात वर झाले, आणि त्यातला एक हात भाकरी संपवून खाली आला. बुटकीला चाळीसाऐवजी साठ चौरस मीटर मिळाले. आप्पांनी तो निरोप स्वतः वाचला, मग केतकीकडून वाचून घेतला, मग ठोंब्याला वाचायला सांगितला. तिसऱ्यांदा ऐकल्यावर ते म्हणाले, “माझ्या तासाला मुलं झोपायची, आणि तुझ्या तासाला उड्या मारतात.”

आठवड्याने इमानीचं आणखी एक पाकीट आलं. या वेळी अभ्यासक्रम मंगळावरून पृथ्वीकडे आला होता, अकरा मुलांनी मिळून तयार केलेला. पहिल्याच ओळीत शेवट लिहिला होता : ‘पाचव्या पाठानंतर विद्यार्थ्याला मंगळावर न अडखळता चालता येईल.’ केतकीने ती ओळ दोनदा वाचली. मंगळावर जाणारं पुढचं यान नऊ वर्षांनी सुटणार होतं. तेव्हा ती एकवीस वर्षांची असेल.

पहिल्या पाठाच्याही आधी एक प्रश्न होता : ‘तू आत्ता एका उडीत किती उंच जातेस? मोजून कळव. तिथून सुरुवात करू.’

केतकी अंगणात गेली. आप्पांनी भिंतीला टेप लावून धरली. तिने चपला काढल्या, गुडघे वाकवले आणि वर पाहिलं.